लोकेशन पिरंगुट

भाचीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी गॅलरीत भाताचा वास घेत उभा होतो. भाताचा म्हणजे कुणाच्या तरी कुकरचा. शेतातल्या भाताचा वास पिरंगुटात हल्ली फारसा येत नाही, त्यासाठी पौडच्या पुढं जावं लागतं.

भाची दक्षिण कोरियात सुवॉनला नोकरीला आहे. तिनं फोन फिरवून दाखवलं : एकसारखे उंच टॉवर, मधून सायकलचा रस्ता, कडेला ओळीनं लावलेली झाडं. "मामा, शेत नाहीये इथे. तासभर फिरतेय."

ती ह्वासंगला गेली होती. लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघांनी फोनवर एकाच वेळी प्ले दाबून बरेच कोरियन सिनेमे पाहिले, त्यात 'मेमरीज ऑफ मर्डर' होता. बोंग जून-हो याचा २००३ सालचा. 'पॅरासाइट'मुळे त्याचं नाव आपल्याकडे घरोघर गेलं, पण माझ्या मते हा सिनेमा त्याहून मोठा आहे. सुरुवातीला पिकलेला सोनेरी भात, बांधावर नाकतोडे पकडणारी पोरं, आणि शेताच्या कडेच्या मोरीत वाकून पाहणारा सोंग कांग-हो. मोरीत बाईचं प्रेत आहे. सिनेमा संपतो तेव्हा वर्षं उलटलेली असतात, हाच माणूस पोलिसातली नोकरी सोडून कसल्यातरी यंत्रांचा विक्रेता झालेला असतो, आणि जाता जाता गाडी थांबवून पुन्हा त्याच मोरीत वाकून बघतो. आता तिथं काही नाही. एक शाळकरी मुलगी त्याला सांगते, मागं एक माणूस असाच वाकून बघत होता, फार पूर्वी इथं काहीतरी केलं होतं ते आठवलं म्हणत होता. कसा दिसत होता? साधाच होता.

खरी घटना अशी : १९८६ ते १९९१ या काळात ह्वासंग परिसरात दहा स्त्रियांचे खून झाले. वीस हजारांहून जास्त लोकांची चौकशी झाली. २००६मध्ये शेवटच्या खुनाचीही कायदेशीर मुदत संपली. आणि २०१९मध्ये जुन्या पुराव्यांवरच्या डीएनएवरून ली चुन-जे हा माणूस सापडला, तोही तुरुंगातच. १९९४मधल्या मेहुणीच्या खुनासाठी तो जन्मठेप भोगत होता. दहातल्या एका खुनासाठी यून सुंग-यो नावाच्या भलत्याच माणसानं वीस वर्षं तुरुंगात काढली होती. तो २०२०च्या डिसेंबरात निर्दोष सुटला. त्या खटल्यात साक्ष द्यायला आलेल्या लीला सिनेमाबद्दल विचारलं गेलं. पाहिला, म्हणाला, सिनेमा म्हणून पाहिला, विशेष काही वाटलं नाही.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते भाचीनं सांगितलं. सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण ह्वासंगला झालेलंच नाही. दिग्दर्शकाला १९८६चं खेडं हवं होतं, म्हणून तो दक्षिणेकडच्या प्रांतांत गेला, जिथं तसली शेतं उरली होती. ह्वासंगला २००१मध्ये शहराचा दर्जा मिळाला होता. पुढं दोंगतान नावाची नवी नगरी उभी राहिली, सॅमसंगचे चिपचे कारखाने आले, आज तिथली वस्ती दहा लाखांच्या आसपास आहे. खून उलगडल्यावर तिथल्या लोकांनी मागणी केली की आमच्या गावाचं नाव या प्रकरणातून काढा. पोलिसांनी काढलं. आता ते 'ह्वासंग खून' नाहीत, 'ली चुन-जे खून' आहेत.

"तुझ्याकडे पण आहे ना एक थ्रिलर," भाची म्हणाली. "तू तर राहतोसच लोकेशनवर. दाखव की मला."

ती 'मुळशी पॅटर्न'बद्दल बोलत होती.

आता, प्रवीण तरडे यांचा हा सिनेमा २३ नोव्हेंबर २०१८ रोजी लागला तेव्हा मी पिरंगुटला राहायला येऊन सहा वर्षं झाली होती, आणि मी तो कोथरूडला जाऊन पाहिला. यातली गंमत तेव्हा मला कळली नव्हती. घाटापलीकडचे आम्ही नवे पिरंगुटकर तालुक्याचा सिनेमा पाहायलासुद्धा पुण्याला जातो. थिएटरात शिट्ट्या पडत होत्या. मागच्या रांगेतली पोरं एकेका वाक्याला ओरडत होती आणि माझ्या शेजारचे गृहस्थ बायकोला हळूच सांगत होते, "हे खरंच असं असतं बरं का तिकडे." मी त्या 'तिकडे'तून आलो होतो आणि शो संपल्यावर तिकडेच जाणार होतो.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात : गावचा मानी शेतकरी जमीन विकतो, पैसा येतो तसा जातो, ज्या जमिनीचा मालक होता तिथंच राखणदार म्हणून उभा राहायची पाळी येते. मग कुटुंब पुण्याला मार्केट यार्डात हमालीला. मुलगा राहुल तिथून गुंडांच्या टोळीत. बाप मोहन जोशी, मुलगा ओम भूतकर, पोलीस अधिकारी उपेंद्र लिमये, आणि नान्याभाई स्वतः तरडे. महेश मांजरेकरांनी पुढं २०२१मध्ये त्यावरून हिंदीत 'अंतिम' केला. त्याबद्दल इतकंच म्हणतो की त्यात सलमान खान आहे.

मारामाऱ्या वगळल्या तर या सिनेमात एकच गुन्हा आहे आणि तो फौजदारी नाही. सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, एवढाच. त्यामुळे त्याचं लोकेशन शोधायचं म्हणजे नक्की काय शोधायचं, हा प्रश्न मला पहिल्याच रविवारी पडला.

सोबत अण्णा होते. अण्णा मूळचे इथलेच, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. आयुष्यभर रस्त्याकडेच्या एका कंपनीत नोकरी केली, आता मुलाचे पाण्याचे टँकर आहेत. आमच्या सोसायटीला मार्च ते जून त्यांचेच टँकर येतात, आमची ओळख त्या बिलांवरून झाली. मला ते 'सर' म्हणतात, मी शिक्षक कधीच नव्हतो तरी. मी म्हणालो, सिनेमा कुठं कुठं झाला ते बघायचंय. ते म्हणाले, "चला की. पण शूटिंग बघायचंय का खरं बघायचंय?"

शूटिंगचं म्हणाल तर ज्याला विचारावं तो आपल्याच गावाचं नाव सांगतो. भूगावच्या टपरीवर भूगाव, घोटावडे फाट्यावर घोटावडे, पौडला पौड. एका हॉटेलवाल्यानं मला भिंतीवरचा फोटो दाखवला, त्यात तो कुणा नटाच्या शेजारी उभा होता. नट दुसऱ्याच सिनेमातला होता. कासार आंबोलीच्या अलीकडं एका म्हातारबाबांनी मात्र वेगळं सांगितलं. "आमच्या तालुक्याचं नाव कशाला घेतलं? जमिनी काय फक्त मुळशीनंच विकल्या? मावळानं न्हाई विकल्या? हवेलीनं न्हाई?" ह्वासंगच्या लोकांचीच ही तक्रार. फरक एवढाच की इथं नाव काढून कुणाचं लावायचं ते पोलिसांनाही सांगता येणार नाही.

खरं बघायचं म्हणाल तर ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. चांदणी चौकातून निघालात की बावधन, भूगाव, भुकूम, मग छोटासा घाट आणि घाट उतरला की पिरंगुट. उजव्या हाताला लवळ्याचा फाटा, तिकडं टेकडीवर विद्यापीठ. पुढं घोटावडे फाटा, तिथून माणमार्गे हिंजवडी. डावीकडं उरवडे, तिथून मुठा, टेमघर आणि लवासा. सरळ गेलात तर पौड, मुळशी धरण, ताम्हिणी, आणि ताम्हिणी उतरून विळे-भागाडला पॉस्को या कोरियन कंपनीचा पोलादाचा कारखाना. भाचीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या घरासमोरचा रस्ता थेट कोरियालाच जातो की."

या पट्ट्यात पाऊस भरपूर आणि जमीन चढउताराची. त्यामुळे पीक एकच, भात. ओढ्याच्या काठानं पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, त्यात आंबेमोहोर, नंतर इंद्रायणी. वर माळावर नाचणी-वरई. अण्णांच्या लहानपणी दिवाळीच्या सुमाराला घाटमाथ्यावरून खाली पाहिलं की सगळं पिवळं दिसायचं. मी त्यांना मोबाइलवर 'मेमरीज ऑफ मर्डर'ची सुरुवात दाखवली. त्यांनी मोरीकडं लक्षच दिलं नाही. "लोंब्या भरल्यात चांगल्या," म्हणाले. "कापणीला आठ दिवस लेट झालाय पण."

भात गेला कसा, हे अण्णा सांगतात ते सिनेमात आहे त्यापेक्षा कमी नाट्यमय आणि म्हणून जास्त पटणारं आहे. आधी आले कारखाने. रस्त्याला लागून असलेली खाचरं गेली, पण घरटी एक नोकरी मिळाली, अण्णांना मिळाली तशी. मग नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीला आयटी पार्क उभा राहू लागला. हिंजवडी आणि माण ही मुळशी तालुक्यातलीच गावं, हे पुण्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं. तिथं भाव फुटला तशी त्याची झळ टेकडी ओलांडून इकडं आली. एकरात बोलणारी माणसं गुंठ्यात बोलू लागली. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. अण्णा म्हणतात, "ज्या दिवशी आमच्या तोंडात फूट आलं ना सर, त्या दिवशी शेती संपली. बैल काय फुटावर चालतो का?"

पैशांचं काय झालं ते सिनेमात आहेच : गाड्या, सोन्याच्या साखळ्या, लग्नांचे मांडव. पण अण्णा याबद्दल बोलताना जरा चिडतात. "सगळेच काय उडवे नव्हते. कुणी पुढं सरकून मावळात जमीन घेतली, कुणी घर बांधून भाड्यानं लावलं. माझ्या पोरानं टँकर घेतला. सिनेमात टँकर दाखवला का?" नाही दाखवला. सिनेमात ७ जून २०२१ही नाही, असणं शक्यच नव्हतं. त्या दुपारी उरवडे परिसरातल्या एका कारखान्याला आग लागली आणि जे होरपळून गेले त्यात बहुतेक कामगार बायका होत्या. आमच्या गॅलरीतून धूर दिसत होता. आम्ही खिडक्या लावून घेतल्या.

असल्या सिनेमांची एक जातच आहे, हे मला भाचीमुळे कळलं. २०१५ सालचा 'गंगनम १९७०' तिनं पाठवला. दोन अनाथ पोरं, दोन टोळ्या, आणि सगळा झगडा हान नदीच्या दक्षिणेकडच्या जमिनीसाठी. सायच्या गाण्यानं जगभर गाजलेलं हे गंगनम १९६३मध्ये सोलमध्ये घेतलं गेलं तेव्हा तिथं शेतं आणि नाशपातीच्या बागा होत्या. १९६९मध्ये नदीवर नवा पूल झाला, १९७०मध्ये बुसानला जाणारा हमरस्ता, आणि बागांचे टॉवर झाले. पूल, रस्ता, मग गुंड. आपल्याकडचा क्रम काही वेगळा नाही. मात्र कोरियन सिनेमा बोट दाखवतो ते पुढाऱ्यांकडे आणि दलालांकडे, आपला दाखवतो बापाच्या चुकीकडे. आपला सिनेमा मला आवडतो, पण बापावर इतका भार टाकणं मला पटत नाही. ती चूक एकट्या बापाची नव्हती, आणि पहिलीही नव्हती.

पहिली कुठली, ते पाहायला आम्ही दुसऱ्या रविवारी धरणावर गेलो.

धरणावर म्हणजे धरणाच्या जवळपास, कारण भिंतीकडं जाऊ देत नाहीत. रस्त्याकडेला मक्याची कणसं आणि कांदाभजी. पलीकडं पाणीच पाणी. आमच्यासारखे चारपाचशे पुणेकर आणि त्यांच्या गाड्या. अण्णांनी कणीस सोलत विचारलं, "आता हे लोकेशन कुठल्या सिनेमाचं?"

या पाण्याखाली मुळशी पेट्यातली पन्नासच्या वर गावं आहेत. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीनं धरण बांधायला घेतलं ते पहिल्या महायुद्धानंतर. पाणी सह्याद्रीतून बोगद्यानं पश्चिमेला सोडायचं, खाली भिऱ्याला वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची. खोपोलीचं वीजघर १९१५चं, भिवपुरीचं १९२२चं आणि हे भिऱ्याचं १९२७चं. जमीन घेतली १८९४च्या भूसंपादन कायद्यानं, सरकारनं, कंपनीसाठी. शेतकऱ्यांना न विचारता आधी खड्डे खणायला सुरुवात झाली आणि पेट्यात खळबळ उडाली. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, बाराशे मावळे कामावर जाऊन बसले आणि काम थांबलं. विनायकराव भुस्कुटे गावोगाव हिंडत होते. पांडुरंग महादेव बापट आले आणि या लढ्यानं त्यांना 'सेनापती' हे नाव दिलं. न. चिं. केळकर, शि. म. परांजपे ही पुण्यातली मंडळी पाठीशी होती. लढा १९२४पर्यंत चालला. अखेरीला बापटांनी धरणाचं सामान नेणारी गाडी अडवली, गोळी झाडली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. धरण झालं.

(बापटांच्या नावाचा रस्ता पुण्यात आहे, तिथं मॉल आहे. मुंबईतही सेनापती बापट मार्ग आहे. त्याच्या कडेला ज्या गिरण्या होत्या त्यांच्या जागी आता टॉवर आहेत. आडवा येणाऱ्या माणसाचं नाव आपण रस्त्याला देतो, ही एक जुनी पद्धत.)

इथवरचं शाळेच्या पुस्तकात असतं. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावर जे काम केलं त्यातला पुढचा भाग शाळेत नसतो. पेट्यातली पुष्कळशी जमीन मावळ्यांच्या नावावर नव्हतीच. ती सावकारांकडे गेलेली होती आणि यातले बरेच सावकार पुण्याचे, पेठांतले होते. कसणारा मावळा त्यांचं कूळ. सुरुवातीला सावकारही धरणाच्या विरोधात होते. पण मोबदल्याचा आकडा पटण्याजोगा झाला तसे ते निघाले. जमीन ज्याची कागदावर, पैसा त्याला. कसणाऱ्याला गाव सोडायचं होतं, आणि सत्याग्रहात तुरुंगातही तोच जात होता.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "मग काय तर. कागद ज्याचा त्याची जमीन. म्हणून तर कूळकायदा आला."

कूळकायदा आला तो १९४८मध्ये, आणि खरा लागू झाला १ एप्रिल १९५७ला. त्या दिवसाला कृषकदिन म्हणतात. त्या दिवशी जमीन कसणारी कुळं कायद्यानं मालक ठरली. सावकाराला हप्त्याहप्त्यानं किंमत द्यायची, हप्ते फिटले की दाखला मिळायचा. अण्णांच्या वडलांनी असे हप्ते भरले होते. पावत्या अण्णांकडे अजून आहेत, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेल्या. मालकी मिळाली ती १९५७ला, आणि इथला भाव फुटला तो चाळीसेक वर्षांनी. म्हणजे सबंध इतिहासात मुळशीचा कसणारा माणूस कागदावर मालक होता तो इतकाच काळ, दीड पिढी. सिनेमातला बाप त्या दीड पिढीतला आहे. ज्याचं घराणं पिढ्यानपिढ्या कूळ होतं त्याला विकायचा अधिकारच पहिल्यांदा मिळाला होता, आणि आपण म्हणतो, यानं विकायला नको होतं.

घरी आल्यावर मी आमच्या सोसायटीची फाइल काढली. मी काही वर्षं कमिटीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे फाइल माझ्या कपाटात होती आणि बारा वर्षांत मी ती वाचलेली नव्हती. फ्लॅट घेताना वकिलाचा टायटल सर्च रिपोर्ट येतो, त्यातलं आपण शेवटचं वाक्य वाचतो : मालकी निर्वेध आणि विक्रीयोग्य आहे. मी पहिल्यांदाच सुरुवातीपासून वाचायला घेतला.

सगळ्यात जुना फेरफार हातानं लिहिलेला, झेरॉक्सची झेरॉक्स. मालक म्हणून एक नाव, राहणार सदाशिव पेठ, पुणे. इतर हक्कात कूळ म्हणून दुसरं नाव, राहणार मौजे पिरंगुट. मालकाचं आडनाव इथं लिहीत नाही, पण माझ्या आजोळच्या वाड्यापासून चार घरं टाकून त्याच आडनावाचा वाडा होता आणि मी तिथं गणपतीत आरतीला जात असे. पुढचा फेरफार कृषकदिनानंतरचा : कुळानं जमीन खरेदी केली, मालकाचं नाव कमी केलं. मग वारसनोंद. मग तीन भावांची वाटणी. मग चार बहिणींची हक्कसोडपत्रं, चारही एकाच दिवशी, चौघींचे अंगठे. त्यांना काय मिळालं ते हक्कसोडपत्रात नसतं. लिहिलेलं असतं की स्वखुशीनं, कोणताही मोबदला न घेता. मग विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र. कारण दिलंय, 'कौटुंबिक अडचणीकरिता व मुलांच्या प्रगतीकरिता'. हे ठरीव वाक्य असतं, दस्तलेखक ते सगळ्यांसाठी घालतो. मग बिनशेती आदेश, मग आम्ही अठ्ठेचाळीस फ्लॅटधारक, त्यातला एकोणिसावा मी.

म्हणजे १९२१ला सदाशिव पेठ कागदावर इथली मालक होती. १९५७ला गेली. आणि २०१२ला सदाशिव पेठेतला मी आईच्या वाट्याचे पैसे घेऊन, कर्ज काढून, स्वस्त मिळतंय म्हणून परत आलो. मधल्या काळात इथं कोण होतं त्याच्या नावापुढं तलाठ्यानं कंस करून ठेवलाय. सातबाऱ्यावर कमी झालेलं नाव तेव्हा खोडत नसत, कंसात टाकत.

करारनाम्याच्या शेवटच्या पानावर दोन साक्षीदार होते. दुसरी सही मी टँकरच्या पावत्यांवर कितीतरी वेळा पाहिलेली होती.

तिसऱ्या रविवारी मी अण्णांना विचारलं. विचारावं की नाही यावर आठवडाभर घालवला होता. ते चहा पीत होते, कप खालीसुद्धा ठेवला नाही.

"होय की, माझीच. तुम्हाला म्हायती नव्हतं?"

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं न्हाई." मग थोडं थांबून, "व्यवहार मीच जमवला. ते माझे चुलतभाऊच लागतात. मला एक टक्का मिळाला. त्यातनं पहिला टँकर."

मी काहीच बोललो नाही, तेव्हा त्यांनी कप ठेवला. "आता तुम्ही म्हणाल, अण्णा, तुम्हीच एजंट. मग? मी नसतो तर दुसरा कोणतरी असता. ते कोथरूडचे दोन पोरं येत होतेच गाडी घेऊन. मी होतो म्हणून पैसे तरी चेकनं मिळाले माझ्या भावांना. सर, तुम्ही घेतलात म्हणून त्यांनी विकली. का त्यांनी विकली म्हणून तुम्ही घेतलीत? सांगा."

मला सांगता आलं नाही. बहिणींचं विचारलं. त्यावर मात्र ते लगेच बोलले नाहीत. "साड्या केल्या त्यांना," म्हणाले. "एकीनं घेतली न्हाई."

ती कुठं असते? घोटावड्याला दिलीय. तिचा मुलगा हिंजवडीला कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे. भेटायचंय का, असं अण्णांनी विचारलं. मी नको म्हणालो. भेटून काय बोलणार होतो? तुमचा अंगठा माझ्या कपाटात आहे, असं?

मग अण्णांनी मला सोसायटीतच फिरवून आणलं. बारा वर्षं राहतोय त्या जागेत कुणीतरी मला पहिल्यांदा काही दाखवत होतं. बी विंगखाली वरचं खाचर, त्यात रोपं टाकायचे. पार्किंगच्या रॅम्पपाशी खळं. मुलांच्या घसरगुंडीखाली विहीर, ती बुजवली, म्हणून तिथली फरशी दर पावसाळ्यात खचते आणि आम्ही दर वर्षी मासिक सभेत कंत्राटदाराला शिव्या घालतो. "विहिरीला पाणी होतं का?" मी विचारलं. "मे महिन्यात पण होतं," टँकरवाले अण्णा म्हणाले.

मागच्या कंपाउंडपाशी ओढा होता. आता सिमेंटच्या नळ्यांतून जातो. भिंतीच्या बाहेर त्याचं तोंड आहे, तिथं गवत माजलंय. आंब्याचं एक झाड अजून आहे, ते बिनशेती आदेशातल्या नकाशात आल्यामुळे वाचलं.

त्या संध्याकाळी भाचीला कॉल लावला आणि सगळं दाखवत गेलो : रॅम्प, घसरगुंडी, आंबा. तिच्याकडं रात्र झाली होती. मी शेवटी गेटबाहेर पडून भिंतीला वळसा घातला, नळीपाशी उकिडवा बसलो आणि फोन आत धरला.

"काही दिसत नाहीये," ती म्हणाली. "अंधार आहे नुसता."

मागं पावलं वाजली. आमचा नवा वॉचमन टॉर्च घेऊन आला होता. परभणीकडचा आहे. गावी चार एकर कोरडवाहू, भाऊ बघतो.

"काय पडलं का साहेब आत?"

"नाही. असंच बघत होतो."

त्यानं तरीसुद्धा वाकून आत टॉर्च मारला. एक प्लास्टिकची बाटली, गाळ, आणि त्याच्या कडेनं बोटभर पाणी वाहत होतं.

"मामा, पाणी आहे की," भाची म्हणाली.